छोटी गाडी, खरा मळ

रेल्वेची छोटी प्रतिकृती करणाऱ्यांचे सर्वात शेवटचे काम म्हणजे गाडी मळवणे. रूळ टाकून झाले, वीज जोडून झाली, डबे रंगवून झाले, की मग त्याच चकचकीत डब्यांवर गंज, धूळ, काजळी आणि पावसाचे ओघळ रंगवायचे. छंदिष्टांच्या भाषेत याला ‘वेदरिंग’ म्हणतात. आपण या लेखापुरते ‘मळवणे’ म्हणू.

नवी कोरी गाडी मुद्दाम घाण का करायची, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे. खरी गाडी तशी दिसते म्हणून. परंतु याच उत्तरातून दुसरा, अधिक मोलाचा प्रश्न निघतो. खरी गाडी तशीच का दिसते? मळ ठरावीक जागीच का साचतो, त्याचा रंग तोच का, आणि वीस वर्षांपूर्वीचा मळ आजच्यापेक्षा वेगळा होता का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इतिहास हे तिन्ही विषय हाती लागतात. म्हणून हा छंद शाळेत आणण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.

उदाहरणासाठी आपण ठाणे ते कल्याण हा पट्टा घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५४ साली रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले. डोंगर, बोगदा, खाडी, खारफुटी आणि कसारा व कर्जत अशा दोन दिशांना फुटणारे कल्याण जंक्शन, एवढे सारे वीस किलोमीटरांत आहे. प्रतिकृतीसाठी याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

प्रमाणाचे गणित

जगात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. ते १:८७ आहे, म्हणजे ८७ मीटरची वस्तू १ मीटरची होते. या हिशेबाने ठाणे–कल्याण अंतर २३० मीटर भरेल. वर्गात किंवा घरात ते मावणार नाही, हे उघड आहे. बारा डब्यांची लोकल खरी सुमारे २५० मीटर लांब असते. प्रतिकृतीत ती जवळजवळ २.९ मीटर होईल. म्हणून छंदिष्ट चार डब्यांवर भागवतात. ती गाडी एक मीटरमध्ये बसते.

वळणांचेही असेच आहे. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत. १:८७ प्रमाणात ती दोन मीटर होते. टेबलावर मात्र अर्ध्या मीटरच्या त्रिज्येचे वळण घ्यावे लागते. सर्व काही प्रमाणात आणता येत नाही. काय सोडायचे आणि काय राखायचे, हे ठरवावे लागते. नकाशा काढणाऱ्यालाही हाच निर्णय करावा लागतो.

आपल्याकडच्या छंदिष्टांना आणखी एक अडचण येते. बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळांवरून ठरले आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. तयार रूळ वापरले तर आपली गाडी अरुंद रुळांवर उभी राहिल्यासारखी दिसते. काही जण हे चालवून घेतात, काही जण रूळ स्वतः बनवतात. सातवी-आठवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवायला याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

जे लहान होत नाही ते

लांबी ८७ पट कमी झाली, की क्षेत्रफळ ८७ गुणिले ८७ पट कमी होते आणि आकारमान साडेसहा लाखांहून अधिक पट. ४० टनांचा डबा या हिशेबाने फक्त ६१ ग्रॅमचा व्हायला हवा. एवढा हलका डबा सांध्यावर सहज उडतो. त्यामुळे डब्यात शिशाचा तुकडा घालून वजन वाढवावे लागते.

पाण्याचा पृष्ठताण तर मुळीच लहान होत नाही. प्रतिकृतीच्या छपरावर खरे पाणी शिंपडले, तर चार मिलिमीटरचा थेंब गोल होऊन बसतो. ८७ ने गुणले तर तो ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे कळशीएवढा, दिसतो. असा थेंब खऱ्या गाडीवर कोणी पाहिलेला नाही. म्हणून पावसाचे ओघळ पाण्याने दाखवता येत नाहीत, ते कुंचल्याने काढावे लागतात. ठाण्याची खाडीसुद्धा खऱ्या पाण्याने दाखवत नाहीत. सपाट रंगावर व्हार्निशचे थर देऊन ती तयार करतात.

खरी धूळही प्रतिकृतीला चालत नाही. घरातल्या धुळीचा दशांश मिलिमीटरचा कण प्रमाणात सुमारे नऊ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याएवढा होतो. महिनाभर झाकण न घालता ठेवलेली प्रतिकृती जुनी वाटत नाही, ती नुसती अस्वच्छ वाटते. धूळ दाखवण्यासाठी रंगाची पूड काही मायक्रोमीटर इतकी बारीक लागते.

मळ कोठून येतो

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मळवण्याचे काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक डागाचे कारण शोधावे, असा आमचा आग्रह आहे. कारण माहीत असले की जागा आपोआप ठरते.

रूळ घ्या. रुळाची बाजू तपकिरी आणि माथा चकचकीत असतो. लोखंडावर पाणी आणि प्राणवायूच्या क्रियेने गंज चढतो. खाडीच्या दमट हवेतले क्षार या क्रियेला वेग देतात. माथ्यावरचा गंज मात्र चाके सतत घासून काढतात. त्यामुळे माथ्याची चमक ही त्या रुळावरच्या वाहतुकीची नोंदच असते. कल्याणसारख्या यार्डात क्वचित वापरल्या जाणाऱ्या रुळांचा माथाही तपकिरी असतो. प्रतिकृतीत सर्व रुळांना सारखी चमक दिली, तर जाणत्याला ती लगेच खटकते.

खडी घ्या. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. ताजी खडी निळसर करडी दिसते. स्थानकांच्या आसपास मात्र ती तांबूस तपकिरी होते. गाडी थांबवताना गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि ब्रेकचे ठोकळे व चाके झिजतात. ठोकळे ओतीव लोखंडाचे असले, तर लोखंडाची अतिशय बारीक पूड उडते, ती खडीवर बसते आणि गंजते. जेथे ब्रेक जास्त, तेथे तपकिरी रंग जास्त. दोन स्थानकांमधला पट्टा त्या मानाने करडा राहतो.

डब्यांचा खालचा भाग याच पुडीने तपकिरी होतो. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून ओघळ सुरू होतात, कारण पाणी तेथे साचून मग उतरते. छतावर पँटोग्राफजवळ काळपट थर दिसतो. वरच्या तारेवर सरकणारी पट्टी सतत झिजत असते, तिची ही पूड होय.

मळाला साल असते

येथेच हा विषय इतिहासाला जाऊन भिडतो. मळाची कारणे बदलली, की मळही बदलतो.

पारसिकचा मोठा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी सुमारे १.३ किलोमीटर आहे. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली धावली आणि १९३० पर्यंत वीज पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. म्हणजे बोगद्याची पहिली काही वर्षे कोळशाच्या इंजिनांची होती. १९२० सालची प्रतिकृती करणाऱ्याने बोगद्याच्या कमानीवर काजळी दाखवली पाहिजे. १९८५ सालची करणाऱ्याने तीच ताजी काजळी दाखवली, तर ती चूक ठरेल.

वरच्या तारांचेही तसेच. पूर्वी येथे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली, आणि मुंबईतली एकदिश प्रवाहावरची शेवटची लोकल २०१६ मध्ये धावली. तेवढीच शक्ती पुरवायला नव्या व्यवस्थेत जुन्याच्या सुमारे सतराव्या भागाइतकाच प्रवाह लागतो. म्हणून तारा हलक्या झाल्या. दाब वाढला म्हणून चिनी मातीचे विरोधक मात्र लांब झाले. प्रतिकृतीतले विरोधक पाहून ती कोणत्या काळाची, हे सांगता यायला हवे.

ब्रेकचेही तसेच. २००७ पासून मुंबईत येऊ लागलेल्या नव्या लोकल गाड्या थांबताना मोटरचाच जनित्रासारखा उपयोग करून वीज तारेत परत पाठवतात. ठोकळ्यांवरचा भार त्यामुळे कमी होतो. शिवाय ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांऐवजी मिश्र पदार्थांचे ठोकळेही वापरात आले आहेत. लोखंडाची पूड कमी झाली, की तपकिरी रंगही कमी व्हायला हवा. मळ हा असा तंत्रज्ञानाचा दाखला ठरतो.

दुर्दैवाने हा दाखला कोणी जपत नाही. इंजिने संग्रहालयात जातात, पण ती धुऊन, पुसून, नवा रंग लावून. १९८५ साली डोंबिवलीच्या फलाटावरून खडी कशी दिसत होती, हे आज जुन्या रंगीत छायाचित्रांतून आणि त्या काळच्या प्रवाशांच्या आठवणीतूनच कळेल. २०२२ मध्ये ठाणे–दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली आणि तेथील दृश्यही बदलले. काळजीपूर्वक मळवलेली प्रतिकृती ही अशा नाहीशा होणाऱ्या गोष्टींची नोंद ठरू शकते. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून, घरातली जुनी छायाचित्रे पाहून ही माहिती गोळा केली, तर तो खराखुरा संशोधनाचा अनुभव ठरेल.

रंग फिका का करावा

खऱ्या गाडीचा रंग तंतोतंत मिळवून प्रतिकृतीला लावला, तर ती गडद दिसते. अनुभवी छंदिष्ट म्हणूनच त्यात थोडा पांढरा किंवा करडा रंग मिसळतात. याचे कारण हवा असे सांगितले जाते. एक मीटरवरून पाहिलेली प्रतिकृती ही ८७ मीटरवरच्या गाडीसारखी दिसते आणि मधली हवा रंग फिका करते, असा हा युक्तिवाद आहे. आपण तो तपासून पाहू. दृश्यता दहा किलोमीटर असेल त्या दिवशी ८७ मीटर हवेमुळे ठळकपणात जेमतेम तीन टक्के घट होते. एवढी घट डोळ्याला जाणवणेही कठीण. खरे कारण बहुतांशी प्रकाशात आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर ट्यूबलाइटच्या खोलीत काही शे लक्सच. मंद प्रकाशात रंग आपल्या डोळ्यांना अधिक काळपट आणि कमी तेजस्वी वाटतात. छंदिष्टांची कृती बरोबर, पण कारण अपुरे, असे हे उदाहरण आहे.

करून पाहा

आयात केलेली इंजिने महाग असतात. शाळेला त्यांची गरज नाही. पुठ्ठ्याचा एक डबा आणि हातभर लांबीचा रूळ पुरे.

१. खऱ्या खडीचा तुकडा पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. १:८७ प्रमाणात तो रव्याएवढा होतो. बांधकामावरची काळ्या दगडाची कच आणून चहाच्या गाळणीने चाळा. ती रुळांमध्ये पसरून फेविकॉल आणि पाण्याचे मिश्रण ड्रॉपरने सोडा. मिश्रणात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला. एकदा साबणाशिवायही करून पाहा आणि पृष्ठताणाचा परिणाम नोंदवा.

२. स्लीपर खऱ्या मार्गावर सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर असतात. प्रतिकृतीत सात मिलिमीटरवर एक अशा काड्यापेटीच्या काड्या लावा.

३. गंजासाठी गेरू आणि पिवळी माती वापरा. दोन्ही लोखंडाच्या ऑक्साइडवर्गीय संयुगांमुळेच रंगीत आहेत, म्हणजे गंजाची भावंडेच. काजळीसाठी कोळशाची पूड घ्या. पूड कोरड्या कुंचल्याने लावा, नेहमी वरून खाली, पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने.

४. लावण्यापूर्वी प्रत्येक डागासाठी वहीत तीन रकाने भरा: कोठे, कोणता रंग, कोणत्या कारणाने. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो डाग लावू नका.

निरीक्षण फक्त फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून करावे. रुळांवर उतरू नये, हे विद्यार्थ्यांना निक्षून सांगावे.

तयार काम पाहायचे असल्यास पुण्याला कोथरूड परिसरात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये खुले झाले. तेथे अनेक गाड्या, सिग्नल आणि एक छोटे शहर एकाच मांडणीत चालताना दिसते. सहलीपूर्वी वरील तीन रकान्यांची वही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. चालत्या गाडीकडे सर्वांचेच लक्ष जाते. गाडीखालच्या खडीचा रंग पाहून प्रश्न विचारणारा एखादा विद्यार्थी निघाला, तरी सहलीचा हेतू साधला असे समजावे.