बसल्या जागी, एका बोटाने

पडद्यासमोर उभे राहून हातवारे करीत खेळायचे खेळ तुम्ही पाहिले असतील. पडद्यावरच्या खेळाडूने उडी मारावी म्हणून आपणही खरीखुरी उडी मारायची. मजा येते, घामही येतो. पण आपला एखादा मित्र चाकांच्या खुर्चीवर बसणारा असेल तर? बहुधा त्याच्याकडे गुण लिहिण्याचे काम येते. त्याला खेळायचे होते की नाही, हे कोणी विचारीत नाही.

यंत्रालाही उभा माणूसच का लागावा? २०१० साली आलेल्या किनेक्ट या उपकरणाचे उदाहरण घ्या. ते समोर अवरक्त किरणांचे ठिपके टाकी आणि कॅमेऱ्याने ते टिपून कोणती वस्तू किती दूर आहे याचा हिशेब मांडी. त्यावरून ते खेळाडूच्या शरीरावरचे वीस बिंदू ओळखी. माणूस खुर्चीत बसला, की त्याची पाठ आणि खुर्चीची पाठ जवळजवळ एकाच अंतरावर येतात. मग माणूस कोठे संपतो आणि खुर्ची कोठे सुरू होते, हे ठरवणे अवघड! २०१२ मध्ये संगणकासाठीच्या किनेक्टला 'बैठी' पद्धत जोडण्यात आली. तिच्यात वरच्या अंगाचे दहाच बिंदू धरले जात. सोय चांगली होती, पण हात हवेत उचलणे चुकले नव्हते.

आता थोडे गणित करू. ४० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाने ३० सेंटिमीटर उंच उडी मारली, तर ४० × ९.८ × ०.३, म्हणजे सुमारे ११८ ज्यूल कार्य होते. याउलट बोटाने अर्धा न्यूटन बल लावून काचेवर १० सेंटिमीटर रेघ ओढली, तर कार्य होते ०.०५ ज्यूल. दोन हजारांहून अधिक पटींचा फरक! स्नायू दुबळे असलेल्या मुलाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे खेळणे आणि नुसते पाहत बसणे यांतला फरक आहे.

खरे म्हणजे मोबाइलच्या किंवा टॅब्लेटच्या काचेला तेवढे बलही नको असते. तिच्याखाली पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम-टिन ऑक्साइडच्या, आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. जेथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात, तेथे एक चिमुकले संधारित्र तयार होते. आपले शरीर विद्युतवाहक आहे. बोट जवळ आले की त्या जागची धारिता किंचित बदलते आणि मंडल तो बदल मोजते. दाबण्याचा प्रश्नच येत नाही.

करून पाहा. कोरड्या पेन्सिलीच्या लाकडी टोकाने काचेला स्पर्श करा. काही होणार नाही. काकडीची फोड हातात धरून टेकवा. काच लगेच ओळखेल! बोटावर पातळ रुमाल गुंडाळला तरी बहुधा चालेल, जाड लोकरी मोजा घातला तर मात्र नाही, कारण अंतर वाढले की बोटाचा परिणाम घटतो.

म्हणून ही काच सर्वांना सोयीची आहे असे समजू नका. तोंडात काडी धरून खेळणाऱ्याला वाहक टोकाची काडी लागते. ज्याचा हात थरथरतो, त्याच्या नकळत चार ठिकाणी स्पर्श होतो. अशा वेळी 'क्षणभर टेकून राहिले तरच स्पर्श धर' अशी सोय अनेक उपकरणांच्या सेटिंगमध्ये असते, ती शोधून काढा. दृष्टिहीन मित्राला तर गुळगुळीत काच काहीच सांगत नाही. तेथे आवाजाची जोड हवी.

खेळ निवडताना वेगापेक्षा डाव पाहा. कॅरमसारखा, आळीपाळीने खेळायचा खेळ असला म्हणजे कोणाला घाई नाही. टॅब्लेट हातात धरायला लावू नका. तिरप्या घडवंचीवर घट्ट बसवा. तिची उंची किती हवी, हे खुर्चीवर बसणाऱ्या मित्रालाच विचारा. त्याचे कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेले राहून बोट काचेच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचते का, हे आधी पाहून घ्या आणि मग डाव मांडा.