नाथसागराच्या पायथ्याशी

भोंगा वाजतो आणि खालच्या पुलावरचे लोक मोबाइल काढून कठड्याला भिडतात. पैठणला जायकवाडीचे दरवाजे अर्धा-अर्धा फूट उचलले जात आहेत. आधी नुसता आवाज येतो, मग अंगावर तुषार. इथे लख्ख ऊन पडलंय; पाऊस कोसळतोय तो तिकडे नाशिक-नगरला. गोदावरी-प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात तो पडला तरच जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, भरतो, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

गर्दी सत्तावीस दरवाज्यांपाशी आहे. त्यांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या मातीच्या बांधाकडे कुणी बघत नाही. दहाएक किलोमीटर लांबीचं हे धरण. १९६५ ला लालबहादूर शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण.

परवानगी काढून मी शाखा अभियंत्यांबरोबर बांधाच्या पायथ्याशी उतरतो. पाण्याकडच्या अंगाला लाटांचा मारा झेलायला दगडी पिचिंग, इकडे गवत. उतारावर बाभळीचं वीतभर रोप दिसतं. सोबतचा कर्मचारी बोलता बोलता ते मुळासकट उपटतो. झाड मोठं होऊन मूळ कुजलं, की पाण्याला आयती वाट.

पायथ्याच्या चरातून पाणी वाहतंय. मध्ये पत्र्याची आडवी पट्टी, तिला खाली निमुळती होत गेलेली खाच. खाचेतून किती पाणी जातंय ते मोजून वहीत लिहितात. कर्मचारी त्या धारेखाली काचेची बाटली भरतो आणि उन्हाकडे धरतो.

"मातीचं धरण झिरपणारच, साहेब," अभियंता म्हणतात. "धार अचानक वाढली, गढूळ झाली, तर झोप उडाली समजा."

गढूळ म्हणजे पोटातली माती निघाली. बाटलीतलं पाणी नितळ आहे. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत धरणही मातीचंच होतं. पाटबंधारे खात्यात ते कुणाला सांगावं लागत नाही.

तिकडे पुलावर वाद पेटलाय. "धरण अजून काठोकाठ भरलं नाही, तर सोडता कशाला?" धोतरातले एक आजोबा विचारतात. "आमचं उन्हाळी आवर्तन चाललंय वाहून!" राग रास्त आहे. पूर अडवायला धरणात जागा मोकळी हवी, सिंचनाला धरण तुडुंब हवं, आणि दोन्ही मागण्या आपण एकाच बांधाकडे करतो. म्हणून कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं; त्यावर गेलेलं पाणी सोडावंच लागतं. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं तर ते एखादवेळेस तग धरेल. मातीचा बांध त्याच पाण्याबरोबर वाहून जातो. माझं मत अभियंत्यांच्या बाजूने.

२००६ च्या ऑगस्टमध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला आणि पैठणात पाणी शिरलं. आजचा विसर्ग त्यापुढे किरकोळ. तरी नदीपात्रात मोटारी ठेवलेल्यांनी त्या आज रात्रीच काढून घ्याव्यात. नाशिकला पाऊस अजून थांबलेला नाही.