भायखळ्याचे हॉस्पिटल असिस्टंट आणि आजचे फिजिशियन असिस्टंट

डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णसेवेतला ठरावीक वाटा उचलणाऱ्या प्रशिक्षित माणसाला फिजिशियन असिस्टंट म्हणतात. तो रुग्णाची हकीकत लिहून घेतो, प्राथमिक तपासणी करतो, रिपोर्ट गोळा करून डॉक्टरपुढे मांडतो, ऑपरेशनच्या टेबलाशी हाताखाली उभा राहतो, नंतर आयसीयूत लक्ष ठेवतो आणि घरी जाताना हाती पडणारा डिस्चार्जचा कागदही बहुधा तोच तयार करतो. तो नर्स नाही, कम्पाउंडर नाही आणि डॉक्टरही नाही. नाव परदेशी वाटते, पण डॉक्टरच्या एक पायरी खाली उभा राहणारा असा माणूस मुंबईच्या भायखळ्यात दीडशे वर्षांपूर्वीच घडवला जात होता.

जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून भायखळ्यात उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाला जोडून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यास युरोपीय धर्तीचा. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली ती अवघ्या आठ जणांची. त्यांत भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींचे नाव आज कॉलेजपासून फार दूर नसलेल्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आहे.

आठ पदवीधरांवर मुंबई इलाखा चालणार नव्हता. पलटणींना, तुरुंगांना आणि तालुक्याच्या दवाखान्यांना माणसे हवी होती. इंग्रजी शिकलेला पदवीधर एकदा शहरात जम बसला की गावाकडे कशाला जाईल? (ही तक्रार आजही शब्दशः ऐकू येते.) म्हणून १८६१ मध्ये याच कॉलेजात देशी भाषांचे वर्ग निघाले. मराठी आणि गुजराती मुलांना त्यांच्याच भाषेत शरीररचना, औषधे, जखमा बांधणे, ताप ओळखणे शिकवायचे आणि ‘हॉस्पिटल असिस्टंट’ म्हणून कामाला पाठवायचे, अशी ती योजना होती. त्या काळी मराठीत वैद्यकाची पुस्तके निर्माण झाली त्यामागे या गरजेचाही हात होता. पुढे १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघाले आणि असे शिक्षण भायखळ्याबाहेर पसरले.

कागदोपत्री हा असिस्टंट सिव्हिल सर्जनच्या हाताखाली असे. पण सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या ठिकाणी बसे आणि दवाखाना तालुक्याला. साहेब तपासणीला येईपर्यंत पटकीचा रुग्ण थांबत नाही. त्यामुळे नावाने मदतनीस असलेला माणूस प्रत्यक्षात निदान करी, औषध देई आणि परिणामही सोसे. गाव त्याला डॉक्टरच म्हणत असे. मदतनीस नेमायचा आणि देखरेख करणारा लांब ठेवायचा, हा या व्यवस्थेतला जुना दोष तिथूनच चालत आला आहे.

विसाव्या शतकात हॉस्पिटल असिस्टंटचे ‘सब-असिस्टंट सर्जन’ झाले. एलएमपी, एलसीपीएस अशा परवाना पदविका आल्या आणि त्या घेतलेले हजारो जण रीतसर डॉक्टर म्हणून नोंदले गेले. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांत १७,६५४ पदवीधर होते आणि २९,८७० परवानाधारक. म्हणजे बहुसंख्य रुग्णांचा डॉक्टर हा दुय्यम मानला गेलेला डॉक्टरच होता. समितीने हा भेद मोडून एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा अशी शिफारस केली. काही सदस्यांना ती पटली नाही. माणसे अपुरी असताना शिडीची खालची पायरी काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शिफारस राहिली, पायरी गेली. तिची उणीव मात्र गेली नाही.

अमेरिकेत ही पायरी १९६५ मध्ये वेगळ्या रूपात आली. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस राहिलेल्या चार जणांना घेऊन पहिला अभ्यासक्रम सुरू केला. भारतात तो १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागातून आला, आणि अजूनही त्याचा मोठा आधार हृदयविकाराची खासगी रुग्णालये हाच आहे. बायपासच्या वेळी सर्जन छाती उघडत असताना पायातली शीर काढण्याचे काम अनेक ठिकाणी असिस्टंट करतो. रोज तेच काम करणाऱ्याचा हात नव्या निवासी डॉक्टरपेक्षा सफाईदार असू शकतो. म्हणून डॉक्टर आणि असिस्टंट यांतला फरक हाताच्या कौशल्यात शोधणे चुकीचे ठरेल.

फरक निर्णयात आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी काढणे, हकीकत लिहिणे, साखर पाहणे ही कामे असिस्टंट उत्तम करतो. हे दुखणे पित्ताचे की हृदयाचे, की फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचे, हे ठरवायला मात्र सगळ्या शरीराचा अभ्यास पाठीशी असावा लागतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष त्यासाठी असते. असिस्टंटचा पदवी अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा, इंटर्नशिप धरून. भारतात त्याला स्वतःच्या नावाने औषधे लिहून देण्याचा अधिकार नाही, आणि त्याच्या कामाचा अंतिम जाब डॉक्टरलाच द्यावा लागतो.

जे. जे.सारख्या शिक्षण-रुग्णालयात या कामाचा मोठा भाग इंटर्न आणि निवासी डॉक्टर करतात. वरवर काम एकच दिसते, पण निवासी डॉक्टर उद्या स्वतः निर्णय घेण्यासाठी आज हाताखाली असतो. असिस्टंटची जागा कायम तीच राहते. वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे कळण्याची सोय नसते. त्यांच्या लेखी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला प्रत्येक जण ‘डॉक्टरसाहेब’.

२०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ (असिस्टंटचेच नवे नाव) या व्यवसायाला यादीत जागा दिली. त्याआधी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली होती. महाराष्ट्राच्या उपकेंद्रांत अशाच मधल्या फळीतले समुदाय आरोग्य अधिकारी काम करतात. त्यांत बीएएमएस आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेले आहेत, सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेऊन आलेले. १८६१ च्या हॉस्पिटल असिस्टंटचे हे खरे वारस. फरक एवढाच की आज अडले तर टेलिफोनवर डॉक्टर गाठता येतो.

ब्रिटनमध्ये तर भांडण नावावरून पेटले. ‘असिस्टंट’चे ‘असोसिएट’ झाल्यावर रुग्णांना आपण डॉक्टरलाच भेटलो असे वाटू लागले. एका तरुणीच्या गुठळीचे निदान हुकून ती दगावल्यावर हा प्रश्न ऐरणीवर आला. जुलै २०२५ मध्ये सरकारने करवून घेतलेल्या लेंग आढाव्याने जुने ‘असिस्टंट’ हेच नाव परत आणावे आणि निदान न झालेल्या नव्या रुग्णाला त्यांनी आधी पाहू नये, असे सुचवले. हॉस्पिटल असिस्टंटपासून असोसिएटपर्यंत पदाचे नाव दरवेळी वरच्या दिशेनेच सरकत आले आहे. ते कुठेतरी थांबवणारी ही शिफारस योग्यच म्हणावी लागेल.

नावावरून ओळख पटत नसेल तर एक खूण आहे: डॉक्टरने प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर आपला नोंदणी क्रमांक लिहिणे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल देते. फिजिशियन असिस्टंटला तो मिळत नाही.