लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश

निर्यातीच्या मालाखालचा लाकडी पॅलेट कधी दिसला, तर त्याच्या ठोकळ्यावरचा शिक्का जरूर पाहा. गव्हाची लोंबी, तिच्याशेजारी उभी लिहिलेली आयपीपीसी ही अक्षरं, मग देशाचं लघुरूप (आपलं ‘आयएन’), लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी बहुतेक वेळा ‘एचटी’, म्हणजे हीट ट्रीटमेंट, उष्णतेची प्रक्रिया. नाशिकची द्राक्षं युरोपला निघोत की चाकणचे सुटे भाग, पॅलेट लाकडाचा असेल तर न्हावा शेव्याहून जहाजावर चढण्याआधी त्याच्यावर हा शिक्का लागतो. त्यामागे आयपीपीसी हा १८०हून अधिक देशांचा करार आहे, आणि हा सगळा खटाटोप आहे झाडं वाचवण्यासाठी!

१९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्रीनपॉइंट भागात रस्त्याकडेच्या मेपलच्या बुंध्यांवर सेंटिमीटरभर रुंदीची गोल गोल भोकं दिसू लागली. त्यांतून बाहेर पडत होता एक काळा कुळकुळीत भुंगेरा. अंगावर पांढरे ठिपके, मिशा शरीराहून लांब. हा मूळचा चीन-कोरियाकडचा. मालाच्या खोक्यांसाठी वापरलेल्या लाकडात बसून तो अमेरिकेत पोहोचला होता. याची मादी झाडाच्या सालीत खाच कुरतडून एकेक अंडं घालते. अळी आधी सालीखालचा ओला थर खाते आणि मग सरळ लाकडात शिरते. तिथे ती वर्षभर, कधी दोन वर्षं राहते. झाड तोडलं, फळ्या कापल्या, खिळे ठोकून खोका झाला, तरी एखादी अळी आत जिवंत असू शकते. आपण ज्याला मेलेलं लाकूड म्हणतो त्याच्या पोटात एक आयुष्य चालू असतं, हे मला आजही थक्क करतं.

१९९८ मध्ये तोच भुंगेरा शिकागोत सापडला. लागण झालेलं झाड तोडून त्याचा भुगा करणं हाच खात्रीचा उपाय. दोन्ही शहरांनी आपल्या सावल्या अशा आपल्याच हातांनी कापल्या. त्याच वर्षाअखेर अमेरिकेने चीनहून येणाऱ्या खोक्यांच्या लाकडावर प्रक्रियेची सक्ती केली. पण प्रत्येक देशाने आपापला वेगळा नियम केला असता तर व्यापाराचा विचकाच झाला असता. म्हणून २००२ मध्ये सर्वांसाठी एकच मानक ठरलं, आयएसपीएम १५.

या मानकाचा गाभा एका वाक्याचा आहे: लाकडाच्या सर्वांत आतल्या भागासकट सगळीकडे ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. हा आकडा आला कुठून? पाइनच्या झाडांना वाळवून मारणाऱ्या एका सूत्रकृमीवरच्या प्रयोगांतून. हा जीव मिलिमीटरभरही लांब नसतो. उत्तर अमेरिकेतल्या पाइनना त्याची सवय आहे. जपानमध्ये मात्र विसाव्या शतकात त्याने पाइनची रानंच्या रानं वाळवली, आणि १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये सापडला. स्वतः तो एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. तो एका भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांमध्ये शिरून बसतो आणि भुंगेरा उडाला की त्याच्याबरोबर नव्या झाडावर उतरतो.

खरी कसोटी ‘आतल्या भागासकट’ या शब्दांत आहे. लाकडातून उष्णता फार सावकाश सरकते. राखेत घातलेलं रताळं वरून करपतं आणि आत कच्चं राहतं, तसंच जाड ठोकळ्याचं होतं. म्हणून लाकूड तापवायच्या चेंबरमध्ये माल रचताना सर्वांत जाड नग निवडतात, त्याच्या मध्यापर्यंत भोक पाडून तापमापकाची सुई आत सारतात आणि गरम हवा आत जाऊन खोटं तापमान दाखवू नये म्हणून भोक बंद करतात. चेंबरमधली हवा कितीही तापली असली तरी वेळ मोजायची ती ही सुई ५६ दाखवू लागल्यावर. मध्येच पारा उतरला तर तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. लाकूड ओलं आणि थंड असेल तर नुसतं तिथवर पोहोचायलाच कितीतरी तास जातात. तापमानाची नोंद जपून ठेवावी लागते; शिक्क्याची खरी किंमत त्या नोंदीत आहे.

दुसरा मार्ग मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा. पण हा वायू ओझोनचा थर विरळ करतो. क्वारंटाइनसाठी त्याला मॉन्ट्रियल करारात सूट असली, तरी शक्य तिथे उष्णताच वापरावी, असं मला ठामपणे वाटतं.

साल काढण्याचा नियमही मोठा विचारपूर्वक केलेला आहे. तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी राहिली तर चालते, मग ती कितीही लांब असो; त्याहून रुंद तुकडा पन्नास चौरस सेंटिमीटरच्या आत हवा. सालीखाली घर करणाऱ्या किड्यांना अंडी घालायला पुरेशी जागाच उरू नये, हा हेतू. लाकूड तापवलेलं आणि सोललेलं असलं की रानातली कीड त्यात परत सहसा शिरत नाही, म्हणूनच या शिक्क्याला मुदत नाही. बुरशी आली, वाळवी लागली, तरी तो खोटा ठरत नाही. लाकूड टिकवण्याची हमी त्याने कधी दिलेलीच नव्हती.

प्लायवूडला या नियमातून सूट आहे, कारण ते तयार होतानाच डिंक, उष्णता आणि दाबातून गेलेलं असतं. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट आहे.

शिक्का हाताने रेखाटायचा नाही, आणि लाल किंवा नारिंगी रंग टाळायचा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी आहेत. तुटलेल्या पॅलेटच्या दोन-तीन पट्ट्या प्रक्रिया केलेल्या लाकडाने बदलल्या तर ती दुरुस्ती. एक तृतीयांशाहून अधिक भाग बदलले, तर मात्र जुने सगळे शिक्के पुसायचे, अख्खा पॅलेट पुन्हा चेंबरमध्ये घालायचा आणि नव्याने शिक्का मारायचा.