जुने लोखंड, नवा दांडा

खोरे, कुदळ, टिकाव किंवा कुऱ्हाड यांचे लोखंड वर्षानुवर्षे टिकते, पण दांड्याला तेवढे आयुष्य नसते. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती-इंदापूर भागात उसाला दारे धरणारे खोरे रोज पाण्यात भिजते आणि उन्हात वाळते. लाकूड फुगते, आकसते आणि शेवटी नेढ्यात खुळखुळू लागते. अशा वेळी नवे अवजार घेण्यापेक्षा जुन्याला चांगला दांडा बसवणे शहाणपणाचे ठरते, कारण अवजार हाताला हलके लागते की जड, हे पात्याइतकेच दांड्यावरही ठरते.

या भागात दांड्यासाठी पहिली पसंती बाभळीला. तिचे लाकूड जड व चिवट असते आणि ठोक्याने सहसा फुटत नाही. सह्याद्रीच्या बाजूला धामण मिळते. ती बाभळीपेक्षा लवचीक असल्याने हाताला बसणारा हिसका कमी होतो. माळावर माजलेली वेडी बाभूळही कठीण असते, पण तिची सरळ फांदी सापडणे मुश्कील.

जातीपेक्षाही महत्त्वाची असते ती लाकडाची रेघ. ती दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. रेघ मध्येच बाजूला निघाली असेल, तर दांडा नेमका तिथेच मोडतो. करवतीने कापलेल्या लाकडात हा दोष लपतो. फोडून काढलेले लाकूड रेघेनेच फाटते, म्हणून अधिक भरवशाचे. ओली बाभूळ काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवण्याची जुनी रीत आहे. तिने कीड कमी लागते. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात गळून पडतो.

जुन्या दांड्याचा अडकलेला तुकडा काढायला अवजार चुलीत टाकण्याची सवय मात्र वाईटच. लोहाराने धारेला दिलेले पाणी त्या आचेने उतरते आणि पाते मऊ पडते. तुकड्याला ड्रिलने भोके पाडून तो ठोकून काढणे बरे.

टिकावाचे नेढे एका बाजूने रुंद असते. दांडा त्या रुंद बाजूने घालतात आणि त्याचे जाड टोक नेढ्यात अडकते. प्रत्येक घावासरशी बसणी घट्ट होत जाते. कुऱ्हाडीला पाचर लागते. दांड्याच्या टोकाला चीर देऊन ती ठोकतात, म्हणजे लाकूड नेढ्यात फाकते. सैल कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवणे हा तात्पुरता इलाज आहे. फुगलेले लाकूड लोखंडाच्या आत दाबले जाते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते.

आकारात चूक होते ती बहुधा जाडीत. जाड दांडा मजबूत वाटतो, पण मुठीत मावत नाही, लवत नाही आणि घावाची झिणझिणी थेट मनगटात पाठवतो. गोल दांडा हातात फिरतो, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा थोडा चपटा तासतात. लांबी वाढली की पात्याचा वेग वाढतो, पण अवजार आवरणेही कठीण होते. आखूड खोऱ्याने कंबर वाकते. बाजारातला तयार दांडा सगळ्यांना एकाच मापाचा असतो. सुताराकडे तासून घेतलेला माणसाच्या उंचीला बेतता येतो.

गोल्फच्या ‘आयर्न’ काठ्यांचाही हिशोब हाच. त्यांचे दांडे पूर्वी हिकरी या अमेरिकी लाकडाचे असत. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना परवानगी दिली. आता जुन्या आयर्नची मान तापवून आतला इपॉक्सी सैल करतात आणि खेळाडूला मानवेल तेवढ्या लवचीक व वजनदार नळीचा दांडा चिकटवतात. तिथेही लांबी वा वजन थोडे बदलले, तरी फटक्याचा तोल बदलतो.

बसवलेल्या लाकडी दांड्याला व्हार्निश लावू नये. त्याने तळहाताला फोड येतात. जवसाचे तेल लाकडात मुरते, पाणी अडवते आणि पकड राखते. पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर पाचर एकदा पुन्हा ठोकून घ्यावी लागते.