भुताच्या आधी तिथं कोण होतं?

मारेगावच्या शिवारात पऱ्हाटी छातीला लागली की रात्रीची पांदण ओळखीची राहत नाही. दोन्ही अंगांना सारखाच काळोख, सारखेच धुरे. एका अमावास्येला माझे काका रात्रीच्या विजेच्या लायनीवर ओलित करून घराकडे निघाले आणि स्वतःच्याच वावरात फिरत राहिले. तीनदा एकाच बाभळीपाशी आले. सकाळी घरी पोचल्यावर पाय धुता धुता एवढंच म्हणाले, “चकवा लागला ना बाप्पा. मंग बसलो खाली. उजाडलं तवा उठलो.”

घरात कोणी हसलं नाही. चकवा, म्हणजे रात्री वाट चुकवणारं भूत, लागला की चालायचं नाही, जिथं आहोत तिथं बसून राहायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं, की जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली होती. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. सूर्य किंवा चंद्र ढगाआड गेला, की ती वळू लागली. जंगलात तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दूरची एखादी खूण नसेल तर दिशेच्या अंदाजातल्या बारीक चुका साचत जातात आणि पाय भरकटतात. म्हणजे उजाडेपर्यंत बसून राहण्याचा जुन्या लोकांचा सल्ला अगदी बरोबर होता. सूर्य वर आला की खूण परत मिळते.

भुतांच्या गोष्टींकडे मी तेव्हापासून जास्त आदरानं बघतो. भूत खरं म्हणून नव्हे; त्या गोष्टीच्या पोटात बहुतेकदा काहीतरी खरं दडलेलं असतं म्हणून. हल्ली झपाटलेली हॉटेलं, ओसाड वाडे, बंद गिरण्या बघायला मुद्दाम जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. मोबाईल पुढे धरून अंधारात शिरायचं, दार करकरलं की ओरडायचं, बाहेर यायचं. माझी त्यांना एकच विनंती आहे. जा, जरूर जा, पण भुताच्या आधी तिथं कोण होतं हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचंच बघा. गोष्ट अशी सांगतात, की एका इंग्रज वास्तुरचनाकारानं आराखडा काढला आणि तो विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, समुद्राकडे पाठ केलेली. त्या धक्क्यानं त्यानं वरच्या मजल्यावरून उडी घेतली आणि त्याचं भूत अजून तिथल्या गॅलऱ्यांतून फिरतं. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यात एका मराठी माणसाचं नाव पुसलं गेलं आहे. ताजचा आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामावर सहायक अभियंता होते. ताज उभं राहण्याआधीच, १९०० साली, ते मलेरियानं वारले. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांचं हे हॉटेल उघडलं. जुनं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं हे खरं, पण त्यात चूक कुठली? ज्या गेटवे ऑफ इंडियाकडे आज त्याचं तोंड दिसतं, तो गेटवेच मुळी १९२४ साली पुरा झाला.

ज्यानं आराखडा काढलाच नाही अशा माणसाचं भूत लोकांना पाठ आहे, आणि ज्यानं तो काढला, ज्याला आपली इमारत पुरी झालेली बघायला मिळाली नाही, त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

शनिवारवाड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती इथं पुन्हा सांगत नाही. तिथली “काका, मला वाचवा” ही हाक निदान एका खऱ्या खुनाची आठवण राखते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे तिथं मारले गेले. कुलाब्याच्या समुद्राकाठची मुकेश मिल मात्र झपाटलेली म्हणून आणि सिनेमाच्या चित्रीकरणाची जागा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या सावल्यांबद्दल खूप बोललं जातं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत, याबद्दल त्याच भिंतींपाशी कोणी बोलत नाही.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची शकुंतला. दारव्हा, कारंजा अशी गावं जोडत जाणारी ही नॅरोगेज लाईन किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी घातली. तो कापूस पुढे मँचेस्टरला जायचा, आणि गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. त्या इंजिनानं १९९४ पर्यंत काम केलं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाईन कंपनीच्या मालकीचीच राहिली. आता गाडी बंद आहे. रुळांवर गवत आहे आणि संध्याकाळी त्या रिकाम्या फलाटावर उभं राहिलं की पाठीवर काटा येतो, हे मी अनुभवानं सांगतो. या लाईनीवरच्या भुताची गोष्ट मी अजून ऐकलेली नाही. ती जन्मण्याआधी तिकीट फाडणाऱ्या गार्डाची, कापसाच्या गाठी चढवणाऱ्या हमालांची, याच गाडीनं सासरी गेलेल्या बायांची गोष्ट कोणीतरी लिहून घ्यायला हवी. ती माणसं अजून आहेत. त्यांच्या दारात जायला रात्रीची गरज नाही.

आणि अंगावर येणाऱ्या काट्याचं काय? तो खोटा नसतो. १९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं एका कुटुंबाची हकीकत छापली. घरात पावलं वाजत, माणसं दिसत, झाडं सुकत, मुलं मलूल पडत. शेवटी कळलं, की तळघरातली भट्टी बिघडली होती आणि कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता. थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्या प्रत्येकानं ही हकीकत ध्यानात ठेवावी. या वायूला वास नसतो. ओसाड जागीही खरा धोका असाच न दिसणारा असतो: जुन्या विहिरीच्या किंवा सोडून दिलेल्या खाणीच्या तळाशी साचलेली दूषित हवा, वाळवी लागलेला माळा, विटांखालचा साप. साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, सरळ सरकारी दवाखान्यात. साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

हे सगळं लिहायला बसलो तेव्हा काकांना फोन केला. इतक्या काळोखात तीनदा तीच बाभूळ होती हे त्यांना कळलं कसं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

“त्या बाभयीखाली बाबानं ठोकलेला बैलाचा खुटा हाये,” काका म्हणाले. “तीनदा हाताले लागला. तिसऱ्या खेपेले त्यालेच धरून बसलो.”