लिटर वेगळा, किलो वेगळा

‘अगं, या शंकरपाळ्या आहेत की फरशीचे तुकडे?’

सासूबाईंनी पहिल्या घाण्यातली एक दाताखाली धरली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात गोळाच आला. दिवाळी चार दिवसांवर आणि भिवंडीच्या गोदामांकडच्या एका ऑफिसची पंधरा किलोची ऑर्डर मी आणि जाऊबाईंनी हौसेनं घेतलेली!

घरी आपण वाटीनं करतो तेव्हा अडत नाही. तूप, दूध, साखर, सगळ्यांना वाटी तीच. मोठ्या ऑर्डरसाठी मात्र मी एका आचाऱ्यांकडून किलोचं प्रमाण घेतलं होतं. एक किलो मैद्याला पाव किलो तूप, म्हणजे दहा किलोला अडीच किलो. तूप पातळ केलं आणि लिटरच्या मापानं अडीच मापं ओतली. लिटर म्हणजे किलो, हे शाळेपासून डोक्यात पक्कं. पण ते पाण्याचं! तुपाच्या एक लिटरच्या पिशवीवर चष्मा लावून पाहिलं, तर ९०५ ग्रॅम. माझं अडीच लिटर तूप भरलं जेमतेम सव्वादोन किलो. जवळजवळ पाव किलो मोहन कमी! भिजवलेल्या पिठात ते मळून घालता घालता रात्रीचा एक वाजला. कडक घाणा आम्ही महिनाभर चहात बुडवून संपवला.

त्यानंतर मी तेलाचे डबेही नीट वाचायला लागले. समजा, एका दुकानात १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आणि शेजारी १५ लिटरचा २,१०० ला. आपण दीडशे रुपये वाचवायला धावतो. पण लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरचं होतं १३ किलो ६५० ग्रॅम. पहिलं तेल पडलं १५० रुपये किलो आणि ‘स्वस्त’वालं जवळजवळ १५४!

त्यात तेल तापलं की फुगतं. माप तेवढंच, वजन कमी. काही कंपन्या पाकिटावर ६० अंशांचं तापमान छापून लिटर मोजत होत्या. म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की तापमान न छापता लिटरसोबत वजनही लिहा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. तेव्हा मैत्रिणींनो, पाकिटावर आधी ग्रॅमचा आकडा शोधा.

घरचा वजनकाटा असेल तर एक दुपार यासाठी काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. काठोकाठ पाणी भरा. समजा, १५० ग्रॅम भरलं. त्याच वाटीत तेल किंवा पातळ तूप भरेल साधारण १३६, दूध १५४ आणि मध तब्बल २१० ग्रॅम. तेल पाण्यावर तरंगतं आणि मध तळाशी बसतो, ते याचसाठी. तुमच्या वाटीचे आकडे कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. प्रमाण वाटीचं असेल तर सगळं वाटीनं घ्या, किलोचं असेल तर तूपसुद्धा काट्यावरच. दोन्हींची खिचडी नको.

पुढच्या दिवाळीला त्याच ऑफिसची ऑर्डर आली, वीस किलोची. पहिला घाणा सासूबाईंपुढे ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुसरी शंकरपाळी उचलली.